गोल बोळातली टेप

मोबाइल खाली ठेवा आधी. आणि तू, हसायचं असेल तर वरच्या खोलीत जा. ही ऐकीव गोष्ट नाही, तुमच्या आत्याच्या यजमानांच्या, म्हणजे माझ्या मेहुण्याच्या बाबतीत घडलेली आहे. विषय निघाला की तुमची आत्या आजही उठून जाते.

मेहुणा नकाशे काढणारा. संसदेच्या जुन्या इमारतीची डागडुजी निघाली, तेव्हा मापं घ्यायचं काम त्याला मिळालं. मधोमध गोल सभागृह, वर घुमट, आणि सभागृहाला वळसा घालणारा गोल बोळ. बोळात बारा दारं, सहा होकाराची, सहा नकाराची. मतदानाला सभासद आपापल्या दारातून बाहेर पडायचे. दारं सगळी सारखी, आणि वळणामुळे एका दारावरून दुसरं दिसत नाही. पुढचं कुणाला दिसू नये म्हणूनच असं बांधलंय, असं तिथले शिपाई म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, तिसरा गुरुवार. संध्याकाळचे साडेसहा. आत बैठक चालू, त्यामुळे बोळात बोलायला बंदी. मेहुणा आणि वीस वर्षं त्याच्याबरोबर काम करणारा जोडीदार लंबू यांची अशा वेळची खूण ठरलेली होती. लंबूने मागच्या दारापाशी टेपची कडी धरायची, मेहुण्याने टेप घेऊन पुढचं दार गाठायचं. मेहुण्याचा एक हिसका म्हणजे 'धरलीस का?' लंबूचे दोन म्हणजे 'धरली.' माप लिहून मेहुणा निघाला, की लंबूनेही टेपबरोबर एक दार पुढे यायचं.

"छातीत कसंतरी होतंय रे," पहिल्या दाराशी लंबू हळूच म्हणाला. "उद्या करू या का?"

"उद्या नकाशा द्यायचाय. एवढी एक फेरी, मग मीच तुला घरी सोडतो."

लंबूने मुकाट्याने कडी उचलली. मेहुणा तेव्हा कामाच्या घाईत होता, माणसाकडे बघितलं नाही त्याने. हे मी त्याच्या तोंडावर बोललोय.

तीन दारं झाली. एक हिसका, मागून दोन. चौथ्या दाराशी दोन हिसके उशिरा आले. सातच्या सुमारास बैठक उठली, अर्धे दिवे मालवले गेले. आता बोलायला हरकत नव्हती.

"लंबू, बरा आहेस ना?"

मेहुण्याने एक हिसका दिला.

दोन हिसके.

सातव्या दारापाशी मागून आवाज यायला लागला. काहीतरी फरशीवरून घासत येत होतं. थांबत होतं. पुन्हा घासत होतं. नाटकं करतोय, मेहुण्याला वाटलं. त्याने टेप जोरात खेचली.

"चल ना लवकर!"

बराच वेळ काही नाही... मग दोन हिसके. हळू.

नववं दार. दहावं. मागे वळून बघायचा धीर होईना. अकरावं. बारावं. साडेआठ वाजले. एक माप उरलं. बाराव्या दारापासून पुन्हा पहिल्या दारापर्यंत. मेहुणा टेप ओढत वळणावरून पुढे आला.

पहिल्या दाराशी लंबू बसला होता.

भिंतीला पाठ. डोळे उघडे. हात मोकळे.

मेहुण्याने गालाला हात लावला. गार.

टेप अजून मेहुण्याच्याच मुठीत होती. मागे वळणापलीकडे गेलेली. ताणलेली...

दोन हिसके आले.

मेहुणा किंचाळत सुटला. शिपाई धावले. बाराव्या दाराशी नुसती टेपची कडी पडलेली, माणूस कुणी नाही. डॉक्टर म्हणाले, जाऊन दोन तास तरी झालेत, आणि बसल्या जागीच गेलेत, तिथून हललेलेसुद्धा नाहीत.

लंबूच्या अंगावरच्या कपड्यांचं गाठोडं त्याच्या बायकोला द्यायला मेहुण्याबरोबर मीच गेलो होतो. वहिनींनी ते सोडलं. पॅन्ट उलगडली आणि उजेडाकडे धरली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी कोरी पॅन्ट घालून गेले होते हो. कुठवर रांगले हे?"

मेहुणा ओक्साबोक्शी रडायला लागला. मी पॅन्ट हातात घेतली. दोन्ही गुडघे घासून आरपार फाटले होते, आणि दशांमध्ये त्या बोळाच्या फरशीचं लाल पॉलिश भरलेलं होतं.