पंधरवड्यापूर्वीची दुपार

कुरुंद्याच्या हळद कंपनीचा सर्व्हर रविंद्रनं वर्षानुवर्षं सांभाळला. लाईट गेली की तो धावायचा, मशीन पुसायचा, डेटाची प्रत काढून ठेवायचा. गेल्या हंगामात व्यंकटराव साहेबांनी सगळा डेटाबेस क्लाउडवर नेला. आता मशीन कुठं आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. दुरुस्ती क्लाउड कंपनीचे लोक करत, प्रती आपोआप निघत, एक बंद पडलं तर दुसरं त्याच नावानं उभं राही. आणि देखरेखीला पंधरवड्यापूर्वी प्रतिक्षा आली.

"पोरगी हुशार हाय," साहेब जेवताना म्हणाले. "आता रविंद्रला आराम."

सगळे हसले. रविंद्रनं ताट बाजूला सारलं.

ती मात्र त्याला जीव लावून शिकवायची. "दादा, चुकून काही पुसलं तर महिन्याभरातल्या कुठल्याबी क्षणाला परत जाता येतं. पण जुना डेटाबेस मोडत न्हाई बरं. त्या क्षणाचा दुसराच तयार होतो. जुना चालूच राहतो."

तिचं हे समजावणंच त्याला जास्त झोंबायचं.

एका दुपारी ती चहाला बाहेर गेली. रविंद्रनं तिच्या स्क्रीनवर ती यायच्या आदल्या दिवसाची दुपार निवडली. दुसरा डेटाबेस तयार झाला. ऑफिसचं सगळं काम त्यानं त्या नव्या डेटाबेसलाच जोडलं. तिची पंधरवड्याची मेहनत दिसेनाशी होणार होती, आणि बोल तिलाच लागणार होता.

तो वाट बघत बसला. बाहेर हळद पॉलिशचा ड्रम घरघरत होता. प्रतिक्षा आली नाही.

त्यानं वळून पाहिलं. तिच्या खुर्चीवर रिकाम्या पोत्यांची थप्पी होती. पोत्यांवर धूळ होती.

"मंजुळाबाई, प्रतिक्षा कुठं गेली?"

चहावाल्या मंजुळाबाईंनी कप ठेवला. "कोन प्रतिक्षा?"

तेवढ्यात साहेब डोकावले. "रविंद्र, तुज्याबिगर इथलं पान हलत न्हाई बघ."

हेच ऐकायला तो आसुसला होता. क्षणभर छाती भरून आली. मग त्याची नजर पुन्हा त्या पोत्यांवर गेली.

मोबाईलमध्ये तिचा नंबर होता. त्यानं लावला. रिंग गेली.

"बोला," प्रतिक्षाचा आवाज आला. तिच्यामागं ड्रमची घरघर होती.

"कुठं हायस तू?"

"ऑफिसात. कोन बोलून राहिलं?"

"मी. रविंद्र."

ती खळखळून हसली. "दादा, बघा तर, कुणीतरी तुमचा आवाज काढून राहिलंय!"

तिकडं एक माणूस हसला. रविंद्रनं ते हसू ओळखलं. पण इतकं मोकळं तो स्वतः कधीच हसला नव्हता. तिकडचे साहेब काहीतरी म्हणाले, आणि ते तिघं पुन्हा हसले.

ती जागा त्याची होती.

मग त्या माणसानं फोन घेतला आणि आदबीनं विचारलं,

"कोन पाहिजे तुमाला?"