घरवळण

दाभाडे सरांच्या वर्गात शिरायचं तर दारातच कानातला दुभाष्या काढून स्टीलच्या डब्यात टाकावा लागे. डबा मूळचा चिवड्याचा. झाकण घट्ट लावून सर तो टेबलाखाली सरकवत आणि म्हणत, "आता बोला. चुकलात तरी तुमचंच चुकेल."

विद्यापीठाच्या प्राथमिक फ्रेंचच्या वर्गात एकेकाळी बसायला जागा मिळत नसे म्हणे. दुभाष्या आला आणि बाकं ओस पडली. शेंगदाण्याएवढं यंत्र कानात घालायचं. समोरच्याने कुठल्याही भाषेत बोलावं, आपल्याला मराठी ऐकू येतं, तेही त्याच्याच आवाजात. मग क्रियापदं घोकायची कोणाला पडलीय? उरलेल्या पाच जणांत ज्योत्स्ना बोरकुटे सगळ्यांत थोरल्या, वीजमंडळातून निवृत्त झालेल्या. शेजारच्या मंदाताईंनी तर तोंडावरच विचारलं होतं, "काय वं, या वयात कॉलेजात जाऊन राहिली? कानात यंत्र हाय ना?"

यंत्र होतं, तेच तर दुखणं होतं.

त्यांची सात वर्षांची नात रेवा फ्रान्समध्ये लियोंला राहायची आणि आईसारखी फ्रेंचच बोलायची. दर रविवारी पडद्यावर भेट. हल्ली बोलताना पोरीचे ओठ थरथरत आणि ज्योत्स्नाबाईंच्या कानात मात्र गोड, हसरं मराठी येई. फोन ठेवला की त्यांना काही सुधरत नसे. चहा उकळून उकळून आटायचा. मुलाला, परागला, विचारलं तर तो म्हणे, "सगळं मस्त आहे गं आई. उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस."

तास संपल्यावर त्यांनी न राहवून सरांना विचारलं. "सर, पोरगी रडवेली दिसते आणि बोलते हसरं. यंत्र बिघडलं का हो?"

सर डब्याचं झाकण उघडता उघडता थांबले. "बिघडलं नसेल. जरा जास्तच शिकलं असेल. त्यात घरवळण असतं, ठाऊक आहे? घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, काय बोलायचं टाळतात, ते ऐकून ऐकून यंत्र त्या घरासारखं बोलायला लागतं. लोकांना आवडतं ते. परकं वाटत नाही."

"मग?"

"मग मला सांगा, तुमच्या घरी वाईट बातमी कशी सांगतात?"

"सांगत नाही," ज्योत्स्नाबाई पटकन बोलून गेल्या. "दूरच्या माणसाला कशाला घोर लावायचा? वेळ आली की कळतंच."

बोलल्या आणि त्यांना आपलंच आठवलं. छातीतली गाठ काढली तेव्हा त्यांनी परागला दाताचं काम निघालंय म्हणून सांगितलं होतं. नवरा आयसीयूत असताना "बाबा झोपलेत" म्हणाल्या होत्या. हे सगळं दुभाष्याच्या कानावरूनच तर गेलं होतं. मेल्याने गुण उचलला तो नेमका हाच!

रविवारी पडदा उजळला. रेवा एकटीच बसली होती, मागे खिडकीचा हिरवा पडदा. ज्योत्स्नाबाईंनी आधी नेहमीसारखा दुभाष्या घातला. "रेवा, पप्पा कुठे आहेत गं?"

"पप्पा आत्ता घरी नाहीत आजी," कानात रेवाचा आवाज किणकिणला. पडद्यावरच्या पोरीने मात्र बाहीला नाक पुसलं.

ज्योत्स्नाबाईंनी दुभाष्या उपटून टेबलावर टाकला. पाठ केलेलं एकच वाक्य कसंबसं बाहेर आलं: "रपेत, सिल् त प्ले." पुन्हा सांग ना, बाळा.

रेवा दचकली. कोरड्या, बारीक आवाजात म्हणाली, "पापा नाबीत प्ल्यू इसी."

पहिल्याच आठवड्यात सरांनी सगळ्यांना उभं करून म्हणवून घेतलं होतं, "जाबीत आ नागपूर", मी नागपूरला राहते. 'इसी' म्हणजे इथे. 'प्ल्यू', म्हणजे आता नाही, गेल्याच तासाला झालं होतं. शब्द एकेक करून जुळले. पप्पा आता इथे राहत नाहीत. म्हणजे परागने घर सोडलं, आणि कधी सोडलं ते देव जाणे! मग ते 'सगळं मस्त' तो कुठून सांगायचा?

"ज स्वी त्रिस्त," रेवा म्हणाली. मला वाईट वाटतंय. हेही पुस्तकातलंच होतं. तिथे रडक्या चेहऱ्याचं चित्र होतं आणि वर्ग त्याला हसला होता.

ज्योत्स्नाबाईंच्या जिभेवर सवयीने आलंच होतं, 'काही नाही गं सोन्या, सगळं नीट होईल.' मराठीत बोलल्या असत्या तर रेवाच्या कानातल्या दुभाष्याने ते आणखी साखर घालून पोचवलं असतं. त्यांनी ते गिळलं. परागला नंतर गाठायचंच होतं, आणि या खेपेला त्याला दात-बीत काही ऐकवायचं नव्हतं. पण आत्ता समोर ही पोर होती आणि हाताशी जेमतेम चार धड्यांचं फ्रेंच.

"म्वा ओसी," त्या म्हणाल्या. मलापण. "म्वा ओसी, ज स्वी त्रिस्त." आवाज फाटला, उच्चारांचे तीनतेरा वाजले आणि डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. "ज स्वी ला, रेवा." मी आहे इथे.

रेवाच्या कानातलं यंत्र गप्प राहिलं असणार. फ्रेंचचं फ्रेंच काय करणार ते? पोरगी पडद्याजवळ सरकली. आजीचा खरा, घोगरा, थरथरता आवाज तिने जन्मात पहिल्यांदा ऐकला होता. आजीच्या तोंडाकडे ती टक लावून बघत राहिली.

मग हळूच म्हणाली, "आजी? से त्वा?"

आजी, ही तू आहेस?

ज्योत्स्नाबाईंना उत्तर येत होतं, एका शब्दाचं तर होतं. पण त्याआधी टेबलावरच्या त्या शेंगदाण्याकडे बघून त्यांच्या मनात आलं, मग इतकी वर्षं माझ्या आवाजात हिच्याशी बोलत कोण होतं?