सहाव्या गाण्यातली हजेरी

जिन्यात अडकलेला भलामोठा स्पीकर आणि त्याला खांदा लावून उभा असलेला घामाघूम माणूस – त्यांची पहिली भेट ही अशी. वरच्या मजल्यावरच्या चकाचक स्टुडिओने गाण्यांचे शब्द वाचून त्याच्या बँडला हाकललं होतं. लिफ्ट बंद होती. आणि ती चहाचा थर्मास घेऊन खालून येत होती.

"बाजूला व्हा."

"मी बाजूला झालो तर हा तुमच्या अंगावर येईल."

"आणि नाही झालात तर?"

"तर मी येईन. दम संपत आलाय."

ती हसली नाही. पण थर्मास पायरीवर ठेवून तिने स्पीकरचं दुसरं टोक धरलं. "दुसऱ्या मजल्यावर घ्या. आमच्याकडे शब्द कुणी वाचत नाही."

दुसऱ्या मजल्यावरचा स्टुडिओ तिच्या मामाचा. तिथे गाणी क्वचित व्हायची, व्हायच्या त्या सूचना. 'कृपया रांगेत उभे राहा.' 'आपला क्रमांक येईपर्यंत थांबा.' गावातल्या निम्म्या बँका, दवाखाने आणि लिफ्टा तिच्या आवाजात बोलायच्या, आणि तिला मात्र काळं कुत्रं ओळखायचं नाही. मशीनवरही तीच बसायची, म्हणून बँडच्या पोरांनी तिला नाव ठेवलं बटणवाली. त्याला सगळे मास्तर म्हणत. सकाळी तो शाळेत गणित शिकवायचा आणि शाळा सुटली की माइकसमोर उभा राहून सत्तेची सालं काढायचा.

अल्बमचं नाव 'हजेरी'. गिटारी कानठळ्या बसवणाऱ्या, बोल गोफणीतून सुटल्यासारखे. पूल पडला, माणसं गेली, हार घालायला सगळे आले आणि चौकशीला कुणीच फिरकलं नाही – त्या सगळ्यांची हजेरी. सहाव्या गाण्यात एका बाईने एकेक हुद्दा पुकारायचा आणि मागून पोरांनी ओरडायचं, 'गैरहजर'.

गायिका ठरायची होती. तोवर ताल धरायला बटणवालीनेच आपला कच्चा आवाज भरून ठेवला. गाईड म्हणतात त्याला. खरा आवाज आला की हा बंद करायचा.

"चिडून म्हणू का?" तिने विचारलं.

"नको. चिडायला आम्ही आहोत. तू आपली लिफ्टसारखी म्हण."

"पूल बांधणारे?" ती सपाट म्हणाली. "पूल तपासणारे?"

काचेपलीकडे तो नुसता बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "अजून एकदा."

"का? चुकलं?"

"नाही... मला ऐकायचंय."

तिचे कान तापले. हेडफोनमुळे, असं तिने स्वतःला बजावलं.

आणि मग आली गायिका. नाव असलेली, केस मोकळे सोडलेली, खोलीत शिरली की खोली आपलीच समजणारी. गायली. छान गायली मेली, तेच तर दुःख. जाताना मास्तरच्या शर्टाची दुमडलेली कॉलर तिने दोन बोटांनी सरळ केली. आणि त्याने करू दिली.

सहा आठवडे बटणवाली त्या कॉलरकडे बघत होती. हात लावायची छाती झाली नव्हती. आणि ही बया पहिल्याच दिवशी...

शेवटच्या मिक्सिंगला तो आवाज तिला ऐकवेना. तिने गायिकेचा ट्रॅक बंद केला, तालापुरता आपला कच्चा चालू केला, दात-ओठ खात ड्रम बसवले आणि तशीच फाइल काढून पाठवून दिली. पाठवण्याआधी सगळं एकदा ऐकायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. तिने ऐकलं नाही. अल्बम बाहेर पडल्यावरही नाही. आपल्याच हाताने डोळ्यांत तिखट कोण घालून घेतं?

'हजेरी' वणव्यासारखी पसरली. कॉलेजच्या भिंतींवर तिचे शब्द उमटले. एका पक्षाने पोस्टर जाळलं, दुसऱ्याने तेच पोस्टर आपल्या सभेत लावलं, आणि बँडने दोघांनाही सारख्याच शिव्या घातल्या. एका समीक्षकाने लिहिलं: 'सहाव्या गाण्यातला बाईचा थंडगार आवाज अल्बमचा प्राण आहे. नुसत्या रागाने माणूस इतका शांत राहत नाही. हा कुणावर तरी जीव लावून बसलेल्या बाईचा आवाज आहे.'

बटणवालीने पेपर टराटरा फाडला.

"अगं, माझं शब्दकोडं राहिलं होतं," मामा म्हणाला.

मुलाखतींत मास्तर आणि गायिका शेजारी-शेजारी. एकदा तर एकाच सोफ्यावर. बटणवालीने मोबाइलवर फोटो मोठा करून दोघांमधलं अंतर पाहिलं. वीतभर. जेमतेम.

एका दुपारी तो आला. दारातच घुटमळला. "सहावं गाणं... ऐकलंस?"

"त्यात मला काय ऐकायचंय? ज्यांचं आहे त्यांनी ऐकावं."

"असं म्हणतेस?"

"असंच म्हणते. कॉलर दुमडलीये तुझी. बोलावू का तिला?"

तो मागे वळला आणि गेला.

मग नोटीस आली. सहाव्या गाण्यात बड्या हुद्द्यांची बदनामी झाली म्हणे. पूल पडून झाली नव्हती, गाण्याने झाली. बँडसोबत गायिकेलाही ठाण्यात बोलावलं. ती म्हणाली, "तो आवाज माझा नाही." लोक फिदीफिदी हसले. टाळ्या घेताना तुझा होता, आता कुणाचा? खोटं कशाला बोला, बटणवालीला गुदगुल्या झाल्या.

दुसऱ्या सकाळी गायिका स्टुडिओच्या दारात. केस बांधलेले, डोळे सुजलेले. "फाइल उघड."

बटणवालीने उघडली. गायिकेने पडद्यावर बोट ठेवलं. "हा माझा. बंद आहे. चालू कुणाचा आहे?"

बटणवालीने बटण दाबलं. गिटारी गरजल्या, थांबल्या, आणि त्या शांततेत लिफ्ट बोलावी तसं कुणीतरी म्हणालं – "पूल बांधणारे?"

तिने झटकन गाणं थांबवलं.

"टाळ्या घेताना... कळलं नव्हतं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी कळलं," गायिका म्हणाली. "गोड लागल्या, घेतल्या. आज ठाण्यात तुझं नाव सांगायचं की नाही, एवढं विचारायला आलेय. नको म्हणालीस तर गप्प बसेन. माझ्यापाशी वकील आहे. तुझ्यापाशी काय, लिफ्टा?"

नको म्हणणं सोपं होतं. भीतीही वाटत होती. पण पोटात जे उसळलं ते धैर्य वगैरे नव्हतं, निव्वळ जळजळ होती. जीव लावून बसलेल्या बाईचा आवाज! तो जीव माझा, आणि खपणार हिच्या नावावर?

"तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. "मीच येऊन सांगते."

दारात मास्तर उभा होता. गायिकेला तोच घेऊन आला होता.

"तुला माहीत होतं," बटणवाली म्हणाली.

"माझं गाणं आहे. मला नाही कळणार?"

"मग गप्प का बसलास?"

"मला वाटलं, तू मुद्दाम ठेवलास." तो जमिनीकडे बघत होता. "म्हणजे... मला काहीतरी सांगायला. तुला विचारायला आलो, तर तू कॉलरवर घसरलीस. वाटलं, पस्तावलीस. मग ते जगाला कसं सांगू?"

"चूक झाली ती. मला हिचा आवाज ऐकवत नव्हता."

"का?"

गायिकेने एक लांब उसासा सोडला. "गणिताचा मास्तर म्हणे. मी खाली थांबते, उत्तर आलं की या."

तिची पावलं जिन्यात विरली. खोलीत दोघंच उरली, आणि स्पंजने मढवलेल्या त्या भिंतींमध्ये स्वतःचा श्वाससुद्धा मोठा ऐकू येत होता.

"मुद्दाम करायची अक्कल असती," बटणवाली म्हणाली, "तर मुद्दामच केलं असतं."

त्याने तिचा हात हातात घेतला. खडूने खरखरीत झालेली बोटं होती त्याची. "नोटीस तुझ्या नावावर येईल आता."

"येऊ दे. कुठेतरी माझं नाव छापून येऊ दे एकदाचं."

ठाण्यात हवालदाराने जबाब लिहून घेतला. आवाज कुणाचा? माझा. कुणी सांगितलं म्हणायला? कुणी नाही, परत म्हणायला लावलंत तर परत म्हणेन. त्याने मान वर केली आणि पेनाने मास्तरकडे खूण केली.

"हा तर यादीत आहेच. पण तुमचा कोण लागतो?"

मास्तरने तिच्याकडे पाहिलं. समोरच्या बाकावर वकिलाशेजारी गायिका बसली होती.

"लिहा," बटणवाली म्हणाली, आणि त्या बाकापर्यंत नीट पोचेल अशा आवाजात सांगितलं, "माझा माणूस."