चावलेलं पान

हे मी रचून सांगत नाही. विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू. पण वाचताना जेवत असाल, तर आधी जेवण उरका.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. सौदीतल्या तबूक शहराच्या बाहेर, खडकाळ डोंगरांच्या पायथ्याशी. रात्र नव्हती, दुपारचे साडेबारा वाजले होते.

माझा नवरा निमिष आयटीत. त्याचं काम कुठूनही चालतं, म्हणून आम्ही रियाधचा फ्लॅट सोडला आणि एक आलिशान मोटरहोम घेतली. गाडी वीस वर्षांची, पण आत चामड्याचे सोफे, खरं लाकूड, ओव्हन. सात वर्षांच्या अवनीला घेऊन आता तिच्यातच राहायचं, असं ठरलं. परतायला घर उरलं नव्हतं.

खोट एकच...

वास.

चूळ न भरलेल्या तोंडाचा. कोणी झोपेतून उठून थेट नाकाशी येऊन बोलावं, तसा.

व्हिनेगरने पुसलं, सोडा टाकला, बखूरचा, म्हणजे अरबी धुपाचा, धूर केला. "जुन्या गाडीला येतोच गं," निमिष म्हणायचा. मला उष्टं चालत नाही. नवऱ्याच्या कपातला घोटभर चहासुद्धा मी पीत नाही. त्या घाणेरड्या वासात मी तीन आठवडे स्वयंपाक केला.

त्या दिवशी सासूबाईंची तिथी होती, पितृपक्षातली. खीर, वडे, वरणभात केला. पान बाहेर दगडावर ठेवलं आणि तासभर वाट पाहिली.

कावळा नाही. एक पाखरूही नाही...

वाळू उडायला लागली तसं निमिषने पान उचलून आत टेबलावर ठेवलं. हात जोडले. "आता इथे जो कोणी असेल, त्याने घ्यावं."

"असं मोघम बोलतात का? आईंचं नाव घे," मी चिडले.

तो नुसता हसला. पितर जेवताना बघायचं नसतं, म्हणून दार ओढून आम्ही तिघं बाहेर पाठमोरे उभे राहिलो.

आणि आतून आवाज आला...

मचमच. मचमच.

तोंडात दात कमी असलेलं माणूस खातं, तसा. सावकाश.

निमिषने दार उघडलं. आत कोणी नव्हतं. पान भरलेलंच होतं, एक शीतही कमी नव्हतं.

पण सगळं चावलेलं होतं.

वड्यांचे आणि भाताचे ओले, राखाडी गोळे. ओळीने मांडलेले. खिरीवर लाळेचा फेस. मी तिथेच सिंकमध्ये ओकले.

"मांजर शिरलं असेल," निमिष म्हणाला. मांजर गोळे वळून ठेवतं का?

पान वाळूत पुरलं आणि तशीच गाडी तबूकच्या एका गॅरेजात नेली. मेकॅनिक नूरुद्दीनचाचा, रत्नागिरीकडचे. त्यांनी टेबलामागचा सोफा उचकटला आणि दोन पावलं मागे सरकले.

"भाबी, पोरीला जरा भायेर न्या."

खाली तसलेच गोळे होते. वाळलेले, बुरसलेले, शेकड्यांनी. लहान मुलाच्या घासाएवढे.

"हा उंदराचा काम नाय," चाचा हळूच म्हणाले. "कोनतरी चावून चावून पोराला भरवीत होता."

आठवड्यात गाडी विकली. आता आम्ही दम्मामला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. इथे वास नाही. अवनी मात्र भराभर जेवायला लागली होती. फारच भराभर.

परवा नीट पाहिलं. पोळीचा घास तोंडात गेला...

जबडा हललाच नाही. तिने सरळ गिळला.

"अवनी, चावून खा."

"इट्स ओके, आई," ती म्हणाली. "आजी चबाके देती है ना."

तिची आजी ती तान्ही असतानाच गेली. मी ताट ओढून घेतलं. पोळी आत्ताच तव्यावरून काढली होती. हाताला ओली, गार लागली.

पोरीला उपाशी कशी ठेवू? रोज तीन वेळा ताट वाढते आणि ती जेवेपर्यंत त्यावरून नजर काढत नाही. पापणीसुद्धा लवू देत नाही.

काल मला शिंक आली.

डोळे मिटले, तेवढाच वेळ...

उघडले तेव्हा ताटात गोळे ओळीने मांडलेले होते. आणि अवनीने तोंड उघडलं होतं.