खाजणातला खोटा आकडा

डहाणूच्या खाडीपलीकडच्या खाजणात आम्ही तिघी सकाळी सातला उतरलो, ते एक आकडा आणायला. चिखलातून मिथेन वायू किती निघतो, त्याचा आकडा! सोमवारी जमीनमालकांची बैठक होती. आकडा कमी आला, तर बांधाला पाडलेलं भगदाड तसंच राहणार आणि समुद्राचं पाणी आत येत राहणार. जास्त आला, तर भगदाड बुजवून कोळंबीची तळी. मग आमच्या वाटाड्या बायजीकाकीचं काही खरं नव्हतं. पाणी परत आल्यापासून इथे चिंबोऱ्या मिळत होत्या, त्यावरच तिची चूल पेटायची.

भाविका आमची म्होरकी. घोलवडच्या चिकूवाडीवाल्यांची मुलगी, पदवी घेऊन सहा महिन्यांपूर्वी आलेली. आणि मी कविता, सायवनची, चार वर्षं हा चिखल तुडवतेय. कोरड्या खाजणाची जमीन वीतभर खचलीय, हे पहिल्यांदा मी दाखवलं. बांध फोडायचं मी सुचवलं! पण बैठकीत बोलली ती, टाळ्या तिला. आयत्या बिळावर नागोबा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

हा काळा चिखल म्हणजे शेकडो वर्षं साठलेली तिवराची पानं आणि मुळं. पाण्याखाली ती फार सावकाश कुजतात. बांध घालून पाणी काढलं, की हवा आत शिरते आणि सगळा साठा कार्बन डायऑक्साइड होऊन उडायला लागतो. जमीन खचली ती त्यामुळेच. पाणी परत आणलं की ते थांबतं. पण ओल्या चिखलातून मिथेन निघायची धास्ती असते, आणि तो हवा जास्तच तापवतो. खाऱ्या पाण्यात मिथेन दबून राहतो म्हणतात. इथे राहतो का, ते आज कळणार होतं.

पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, उधाणाचे दिवस. पावणेआठला ओहोटी संपणार आणि मग पाणी धावत येणार. आम्ही फळ्या टाकत, तिवराच्या टोकदार मुळांमधून वाट काढत, गुडघा गुडघा चिखलातून पुढे सरकत होतो. बाजूने चिखलातले निवटे मासे उड्या मारत पळत होते आणि डोक्यावर डास घोंगावत होते. मध्येच बायजीकाकीने हातातली काठी भाविकाला दिली. "घे पोरी, जपून चाल."

चार वर्षांत मला कधी दिली नव्हती! नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू!

चिखलातून निघणारा वायू धरायला पालथी बादली आम्ही आधीच रोवून ठेवली होती; तिला नळीने मोजायचं मशीन जोडलं. मोजताना फळीवरच उभं राहायचं, हा पक्का नियम. बादलीजवळ पाय पडला, तर खाली अडकलेले बुडबुडे दाबले जाऊन वर येतात आणि आकडा फुगतो. भाविका मशीनकडे वळली. मी फळीवरून पाय काढला आणि बादलीच्या कडेला दाबला. जोरात! बुडुक बुडुक आवाज झाला.

तोवर दोन-तीनवर रेंगाळणारा आकडा सरळ एकवीसवर गेला.

भाविकाचा चेहरा पडला. खरं सांगते, मला गार वाटलं. माझीच कल्पना बुडत होती, तरी गार वाटलं!

"असं होणारच नाही," ती म्हणाली. "पुढे दुसरी बादली आहे, तिथे बघते."

"तिकडे नको गं, पाणी फिरलं!" बायजीकाकी ओरडली. पण भाविका मशीन उचलून निघालीसुद्धा. वीस पावलं गेली असेल. एकदम कमरेपर्यंत आत!

"कविता!"

ती धडपडली. आणखी रुतली. चरातून पाणी आलं. भराभर आलं! तिच्या छातीला लागलं.

"हलू नको! उताणी पड!" बायजीकाकी किंचाळली. "पाठीवर पड, पोरी!"

मी दोन्ही फळ्या उचलल्या आणि धावले. पडले. उठले. एक फळी तिच्या पाठीखाली सरकवली, दुसरीवर मी पालथी पडले. तिच्या काखेत हात घातले. ओढलं. तसूभरही हलेना! पाणी माझ्या हनुवटीला लागलं.

"एकेक पाय हलव! हळू!"

एक पाय सुटला. पाणी तिच्या कानांत शिरत होतं. मग फस्सकन दुसरा! बायजीकाकीने माझे घोटे धरले आणि आम्हाला मागे खेचलं. मशीन गेलं, नमुन्यांच्या बाटल्या गेल्या. आम्ही रांगत बांधावर पोचलो.

भाविका थरथरत रडत होती. "आकडा चुकला नव्हता, कविता. माझंच चुकलं. बांध फोडायलाच नको होता."

आता गप्प बसले असते, तर सगळं माझ्या मनासारखं झालं असतं. बायजीकाकी चिंबोऱ्यांच्या टोपलीतला चिखल निपटत होती.

"मी पाय दाबला होता," मी म्हणाले. "मुद्दाम. तुझ्यावर जळते मी."

भाविकाचं रडणं थांबलं. तिने मला कानफटात दिली नाही, मिठीही मारली नाही. "उद्या दुसरं मशीन आणते," एवढंच म्हणाली. "तू मोजायचं नाहीस."

बायजीकाकी माझ्याकडे बघेना. "माझ्या पोटावर पाय दिलास गं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेआठच्या ओहोटीला भाविका पुन्हा त्याच बादलीपाशी उभी राहिली. मी लांब बांधावर, त्यांच्या चपला सांभाळत.

"अडीच!" ती ओरडली. "कविता, अडीच!"

बायजीकाकीने तिला कवेत घेतलं. सोमवारी टाळ्याही तिलाच मिळणार होत्या. मी जळत होते, अगदी कालच्यासारखीच. बांधावर मी एकटीच होते, आणि टाळ्या वाजवत होते.