जांभळा कान

“कपाळासाठी हिरवा हवाय,” तो म्हणाला.

रंगाच्या दुकानात माझी दहा वर्षं गेली, पण लोक रंग मागतात ते भिंतींसाठी. मी मान वर केली. वाढलेली दाढी, बाहीवर पिवळे डाग… आणि डोळे मात्र हसरे.

“कुणाच्या कपाळासाठी?”

“पोस्टातल्या एका बाईंच्या. फार खमक्या आहेत. गुलाबी त्यांना शोभणार नाही.”

तो चित्रकार होता. फक्त बायकांचे चेहरे रंगवायचा — निळे गाल, नारिंगी नाक, आणि नजर अशी की बघणाऱ्यानेच खाली बघावं. “गोरी, सावळी, गव्हाळ… बायका काय तीनच रंगांत बसतात?” तो म्हणायचा. मला माझी मावशी आठवली. ‘सावळी असली तरी नाकीडोळी नीटस!’ त्या ‘तरी’चा मला किती राग होता, ते तेव्हा कळलं.

“तुम्ही बसाल समोर?” त्याने एकदा विचारलं. मी आढेवेढेही घेतले नाहीत.

इतरांची चित्रं दोन बैठकींत व्हायची. माझे पाच रविवार गेले. गप्पा रंगायच्या, चहा गार व्हायचा… आणि कॅनव्हासवर फक्त एक जांभळा कान! “अजून जमत नाही,” तो म्हणायचा. माझा जीव त्याच्यात गुंतला होता आणि त्याला माझा चेहराच सापडत नव्हता. मावशीचा तो ‘तरी’च खरा असेल, असं वाटून मी रडकुंडीला आले.

सहाव्या रविवारी मी बसलेच नाही. “राहू दे. माझ्या चेहऱ्यात काही नसेल.” निघताना त्या कानाला हात लावला — बोट जांभळं झालं.

“हा ओला कसा? गेल्या आठवड्यातला ना? हा रंग तासाभरात वाळतो. मीच विकलाय तुम्हाला!”

तो चांगलाच गडबडला. “तुम्ही गेलात की… आठवून आठवून चेहरा पूर्ण करतो. मग तुम्ही यायच्या आधी त्यावर पांढरा फासतो. कान पुन्हा काढतो.”

“का पण?”

“चित्र संपल्यावर तुम्ही कशाला याल?”

मला हसू येत होतं आणि संतापही. “पाच वेळा मला पांढरं फासलंत? तुम्ही?”

“चुकलो,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही मला फार आवडता. ते बोलायचं धाडस होत नव्हतं.”

मी पर्स खाली ठेवली, खुर्ची उजेडात ओढली.

“आज चेहरा पूर्ण करायचा. पुसायचा नाही,” मी म्हटलं. “आणि पुढच्या रविवारी मी येणारच आहे.”