आवाजाचा रकाना

चित्र: कारखान्याचं फाटक. कामगार हसत आत येताहेत. कोवळं ऊन.
आवाज: संगीत.

दिराच्या पटकथेत पानाचे दोन उभे भाग असत. डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज. डावा रकाना तो आठवडाभर घासूनपुसून लिही. उजव्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द. नऊ वर्षं वहिनी तो शब्द वाचत आल्या होत्या, आणि नऊ वर्षं त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

धंदा घरचाच. दीर दिग्दर्शक, नवरा कॅमेऱ्यावर, आवाज त्यांच्याकडे. घरचे असोत की गिऱ्हाइकं, सगळे त्यांना वहिनीच म्हणत. कंपन्यांच्या फिल्म करायच्या: पंप, पाइप, गाद्या, काय वाट्टेल ते. चित्र जरा हललं तर लोक म्हणतात, कलात्मक आहे. आवाज जरा घुमला, फाटला, की मालक कितीही खरं बोलत असो, खोटारडा वाटतो. हे त्यांनी दिराला किती वेळा सांगितलं! पालथ्या घड्यावर पाणी.

"वहिनी, लोक फोनवर बघतात. आवाज बंद करून."

"मग त्या माणसाला बोलायला लावता कशाला, भाऊजी? नुसते हातवारे करू दे."

या वेळची कंपनी शीतगृहांची दारं बनवणारी होती.

चित्र: चाचणीचा हॉल. मॅनेजर जाड पांढऱ्या दारापुढे उभा.
आवाज: संगीत (हळू).

पत्र्याचं छप्पर, रबराचा वास, आणि टोकाच्या भिंतीत ते दार. त्यामागे चाचणीची थंड खोली. वहिनींनी भांडून दोन्ही कॉम्प्रेसर बंद करायला लावले होते. मॅनेजर छाती काढून म्हणाला, "आमच्या दारामागे माणूस कधीच अडकत नाही. बारा वर्षांत एकदाही नाही." चार टेक झाले. दीर खूश. सामान आवरायला लागला.

"थांबा. माझं मिनिट राहिलंय."

हे मिनिट त्यांचा नेम होता. काम संपलं की त्या जागेचा रिकामा आवाज एक मिनिट घ्यायचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पुढे बोलणं कापून जोडताना मधल्या फटी त्या शांततेनेच बुजवायच्या, नाहीतर कान अडखळतो. दिराला हे मिनिट म्हणजे पूजेआधीची वहिनींची आंघोळ वाटे. लांबलेली आणि बिनकामाची.

त्यांनी हेडफोन चढवले आणि नेहमीसारखं रेकॉर्डरला सांगितलं, "एक मिनिट. कोणी बोलायचं नाही, कोणी हलायचं नाही."

सगळे पुतळे झाले. हेडफोनमध्ये ट्यूबलाइटची गुणगुण, उन्हाने तापलेला पत्रा मधूनच कडकणारा, मॅनेजरच्या नाकाची बारीक शिट्टी.

मग, दाराच्या मागून, टक्.

थोड्या वेळाने पुन्हा. लोखंडावर लोखंड असा आवाज नव्हे. लोखंडावर हाड. वहिनींनी एकेकाचा सेकंद कागदावर टिपत मोजले. अकरा.

"आत कोण आहे?"

कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. मॅनेजर हसला. "वहिनी, आमचं नाव घालवणार तुम्ही!" त्याने दार ओढून उघडलं. आत कोणी नव्हतं. पांढऱ्या भिंती, उरलीसुरली थंडी, जमिनीत कोरडी जाळी. दार जुनं होतं. रबर पिवळं पडलेलं, रंगाचे पोपडे सुटलेले. आतून उघडायची मूठ तेवढी नवीकोरी. तिच्यावरचं प्लॅस्टिकही अजून निघालं नव्हतं.

"ही कधी बसवली?"

"कोणती?" मॅनेजर म्हणाला, आणि दार लावलं.

चित्र: तेच.
आवाज: संगीत.

तिसऱ्या दिवशी घरच्या पुढच्या खोलीत फिल्म जोडायला बसल्यावर त्यांनी ते मिनिट लावलं. ठोके आठ.

त्या भुताखेतांतल्या नव्हत्या. आपली मोजणी चुकली म्हणून पुढे गेल्याही असत्या; पण कागद समोर होता. कोणत्या सेकंदाला कोणता ठोका, त्यांच्याच अक्षरात. अकरा ओळी. फाइलची लांबी तीच, वजन तेच. रेकॉर्डरमधलं मूळ कार्ड लावलं. कुलूपबंद कार्ड, ज्यावर काही लिहिताही येत नाही. आठ.

चौथ्या दिवशी पाच.

आणि नुसते कमी नव्हे. ठोके कुठून येतात हे त्यांच्या कानाला कळे. तीच त्यांची भाकरी होती. पहिल्या दिवशी ते दाराच्या मध्यावरून, उभ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवरून येत होते. आता जमिनीपासून वीतभर.

"भाऊजी, एक मिनिट ऐका."

दिराने लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकलं, एकीकडे फोन चाळत. "काही नाहीये."

"हेडफोन लावा! आंधळ्याने चित्राची परीक्षा करावी तसं काय करता?"

"वहिनी, उद्या फिल्म द्यायची आहे. वर संगीत टाका आणि मोकळ्या व्हा."

"चित्र छान आलंय गं," नवरा समजुतीने म्हणाला. "कशाला जिवाला लावून घेतेस?"

"अहो, माणूस आहे आत!"

दिराने फोन खाली ठेवला.

"कशाच्या आत?" नवऱ्याने हळूच विचारलं.

वहिनींनी कारखान्यात फोन केला. ते दार उघडा, म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता. पलीकडचा माणूस नम्रपणे म्हणाला, "तुमच्यासमोरच उघडलं होतं ना, मॅडम?"

खरंच होतं ते. त्याचाच त्यांना जास्त संताप आला.

चित्र: मॅनेजरचा चेहरा, जवळून.
आवाज: संगीत (वाढत जातं).

पाचव्या दिवशी मॅनेजर फिल्म बघायला घरी आला. सकाळी ठोके दोन होते. दीर खुर्ची पुढे करत होता, तेवढ्यात वहिनींनी मॅनेजरच्या डोक्यावर हेडफोन चढवले.

"वहिनी!" दीर ओरडला.

"गप्प बसा. त्यांना ऐकू द्या."

मॅनेजरने पूर्ण मिनिट ऐकलं. हातातलं पेन हललं नाही. नाकाची शिट्टीसुद्धा थांबली होती. मग त्याने हेडफोन काढले, वायरची नीट गुंडाळी केली आणि टेबलावर ठेवली.

"मला काही ऐकू आलं नाही."

मग फिल्म पाहिली. छान आहे म्हणाला. दाराशी जाऊन वळला.

"संगीत जरा मोठं करा. आणि ते मिनिट पुसून टाका."

"काही नाहीच त्यात, तर पुसायचं कशाला?"

त्याने बूट चढवले. जिन्यावरून त्याची पावलं उतरत गेली. प्रत्येक पायरी वहिनींना ऐकू आली.

दिराने संगीत मोठं केलं. फिल्म गेली. कौतुकाचा फोनही आला.

चित्र: काही नाही.
आवाज:

त्यांनी पुसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात कोणी नसताना, त्यांनी हेडफोन लावले.

ठोका नव्हता.

ट्यूबलाइटची गुणगुण नव्हती. पत्रा कडकत नव्हता. शिट्टी नव्हती. ही हॉलची शांतता नव्हतीच. ही लहान जागेची होती. चारी बाजूंनी जवळ आलेली, कापूस कोंबल्यासारखी.

माइकच्या अगदी जवळ कोणीतरी श्वास आत घेतला. सोडला नाही.

मग लांबून, वीतभर जाडीच्या दारापलीकडून, एका बाईचा आवाज आला. करडा. ऐकून घेतला जाईल याची खात्री असलेला.

"एक मिनिट. कोणी बोलायचं नाही, कोणी हलायचं नाही."

आणि बाहेर सगळे शांत झाले.